पाटीवरचे इंग्रजी आणि डब्यातले व्रत

जैन व्यापारी घरांना परदेश नवा नाही. रंगूनच्या पेढ्या, पूर्व आफ्रिकेतील दुकाने, अँटवर्पचा हिऱ्यांचा बाजार आणि कोबे बंदरातील मोत्यांचा व्यवहार ही नावे अनेक घरांच्या बोलण्यात पिढ्यान्‌पिढ्या येत राहिली आहेत. मात्र या साऱ्या प्रवासात माणसाबरोबर माल होता, मालाबरोबर जमाखर्चाची वही होती आणि वहीमागोमाग नात्यागोत्यातील माणसे होती. पहिला गेलेला गृहस्थ स्वयंपाकघर थाटी. दुसऱ्याला निदान जेवणाची चिंता उरत नसे. धर्म घरातून निघून पुन्हा घरातच पोचत असे.

आता एखाद्या घरात निराळाच विचार पुढे येतो. इंग्रजीची पदवी घेतलेली मुलगी परदेशातील शाळेत इंग्रजी शिकवायला जाण्याची इच्छा बोलून दाखवते. तिच्याजवळ माल नाही, ओळखीची पेढी नाही, त्या गावात नात्याचे कोणी नाही. भांडवल एकच, ते भाषेचे. आणि ती भाषाही आईच्या मांडीवर मिळालेली नव्हे, शाळेच्या बाकावर बसून कमावलेली. अशा वेळी घरात तीन प्रश्न उभे राहतात. ती खाणार काय, राहणार कशी आणि परत येईल तेव्हा तीच असेल का? पहिले दोन प्रश्न मोठ्याने विचारले जातात. तिसरा मनात राहतो, परंतु निर्णय बहुधा त्याच्यावरच अडतो.

या तिन्ही प्रश्नांचा विचार एका ठरावीक देशाच्या संदर्भात केला, तर तो अधिक उपयोगी ठरेल. म्हणून येथे जपानचे उदाहरण घेतले आहे. परदेशी तरुणांना सरकारी शाळांत इंग्रजीसाठी बोलावण्याची पद्धत त्या देशात दीर्घकाळ चालत आली आहे आणि जैनांचे एक मंदिरही त्या भूमीवर उभे आहे.

बोलावणे आणि त्याच्या अटी

जपान सरकारने १९८७ मध्ये ‘जेट’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी योजना सुरू केली. तिच्यामार्फत परदेशातील पदवीधर जपानी शाळांत सहायक भाषाशिक्षक म्हणून जातात. सहभागी देशांच्या यादीत भारताचेही नाव आहे. परंतु भारतातून निवडले जाणारे उमेदवार मोजकेच असतात. नेमणूक एका वर्षाची असते आणि दोन्ही बाजूंची इच्छा असल्यास ती जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढवता येते. उमेदवाराला गावाची पसंती कळवता येते, पण ती मान्य होईलच असे नाही. पुष्कळ शिक्षकांच्या वाट्याला तोक्यो किंवा ओसाका न येता डोंगराच्या कुशीतील अथवा समुद्रकाठचे लहानसे गाव येते.

दुसरी वाट खासगी संस्थांची आहे. काही संस्था शाळांना शिक्षक पुरवतात, तर काही स्वतःच शिकवणीचे वर्ग चालवतात. येथे व्यापारी घराने नेहमीची सावधगिरी सोडू नये. नोव्हा ही इंग्रजी शिकवणीची सर्वांत मोठी साखळी २००७ मध्ये कोसळली, तेव्हा हजारो परदेशी शिक्षकांचे पगार थकले आणि आगाऊ शुल्क भरलेल्या विद्यार्थ्यांचे पैसेही अडकले. पाटी मोठी असली म्हणजे पत मोठी असतेच असे नाही, हे ज्या घराला बाजाराने शिकवले आहे त्या घराने मुलीच्या करारपत्राचीही तशीच पारख करावी. पगार किती, कामाचे तास किती, घरभाडे कोण भरणार, विमा आणि निवृत्तिवेतनाची वर्गणी कोणाकडून जाणार, हे लेखी असावे.

आणखी एक अट अनेक घरांना ठाऊक नसते. परदेशी व्यक्तीला भाषाशिक्षक म्हणून व्हिसा देताना ती भाषा तिची मातृभाषा नसेल, तर त्या भाषेच्या माध्यमातून बारा वर्षे शिक्षण झाल्याचा पुरावा साधारणपणे मागितला जातो. मराठी किंवा गुजराती माध्यमात शिकून पुढे इंग्रजीत प्रावीण्य मिळवलेल्या मुलीला ही अट आड येऊ शकते. एखाद्या मध्यस्थाने ‘त्याचे काहीतरी करू’ असे म्हटले, तर त्या ‘काहीतरी’चा अर्थ खोटा दाखला असाच असतो. तेथेच थांबावे. ज्या प्रवासाचे पहिले पाऊल असत्यावर पडते, त्या प्रवासात पुढे कोणतेही व्रत नीट उभे राहत नाही.

पैशाचा हिशेबही मोकळेपणाने मांडावा. ‘जेट’ योजनेत २०१२ नंतर अनेक वर्षे पहिल्या वर्षाचे मानधन ३३ लाख ६० हजार येन, म्हणजे महिन्याला २ लाख ८० हजार येन होते. त्यातून विमा, निवृत्तिवेतनाची वर्गणी, घरभाडे, वीज आणि हिवाळ्यातील रॉकेल वजा जाते. भाड्याचे घर घेताना अनामत रकमेबरोबर काही ठिकाणी घरमालकाला परत न मिळणारी रक्कमही द्यावी लागते आणि हमीदार लागतो. सरकारी आरोग्य विम्यात उपचाराच्या खर्चाचा साधारण ३० टक्के भाग रुग्णाने भरायचा असतो. देश कायमचा सोडताना निवृत्तिवेतनाच्या वर्गणीचा काही भाग अर्ज करून परत मिळवता येतो. एवढे सारे मांडल्यावर शिल्लक राहते, पण ती संपत्ती म्हणावी इतकी नसते. केवळ कमाईसाठी जायचे असेल, तर पेढीवर बसलेला भाऊ कदाचित अधिक कमावील. जाण्याचे कारण निराळे असावे लागते.

पूर्वी गेलेला एक शिक्षक

जपानात इंग्रजी शिकवायला गेलेल्या परदेशी माणसांमध्ये लाफ्काडिओ हर्न याचे नाव आजही आदराने घेतले जाते. ग्रीसमध्ये जन्मलेला, आयर्लंडमध्ये वाढलेला आणि अमेरिकेत पत्रकारिता केलेला हा लेखक १८९० मध्ये जपानात पोचला आणि मात्सुए या जुन्या गावातील शाळेत इंग्रजीचा शिक्षक झाला. मात्सुएची थंडी त्याला सोसेना, म्हणून पुढच्याच वर्षी तो दक्षिणेकडील कुमामोतो येथे गेला. नंतर काही काळ तो कोबे येथे वृत्तपत्रात होता. १८९६ मध्ये त्याने जपानी नागरिकत्व आणि कोइझुमी याकुमो हे नाव स्वीकारले आणि तोक्योच्या विद्यापीठात साहित्य शिकवले.

त्याच्या काळात जपानात आलेले बहुतेक परदेशी सल्लागार रेल्वे, तोफा आणि कायदे यांविषयी बोलत. हर्नने सकाळी नदीवरून ऐकू येणारे टाळ्यांचे आवाज, फेरीवाल्यांच्या आरोळ्या, मुलांनी निबंधात लिहिलेल्या गोष्टी आणि शेजाऱ्यांच्या घरातील देव्हारे यांची नोंद केली. पत्नीच्या तोंडून ऐकलेल्या कथा त्याने लिहून काढल्या. शिकवायला गेलेला माणूस शिकणारा झाला, म्हणून त्याचे लेखन टिकले. आज त्या वाटेने जाणाऱ्या तरुणीलाही त्याच्यापासून घेण्यासारखे एवढे एक पुरेसे आहे.

शाळेचा दिवस

जपानी शाळेच्या दारात बाहेरचे जोडे काढून आत घालायच्या निराळ्या चपला चढवाव्या लागतात. देरासर आणि स्थानक यांची सवय असलेल्या मुलीला येथे काही शिकवावे लागत नाही. शिक्षकांची एक मोठी खोली असते. प्रत्येकाचे टेबल तेथेच आणि सकाळची छोटी बैठकही तेथेच. जेवणानंतर किंवा दुपारी काही वेळ सारी शाळा सफाईला लागते. मुले ओल्या फडक्याने वर्ग आणि जिने पुसतात, शिक्षकही त्यांच्याबरोबर असतात. जैन घरात ज्याला यतना म्हणतात, म्हणजे वस्तू ठेवताना, उचलताना, चालताना बाळगायचे भान, त्याची आठवण व्हावी असे हे दृश्य असते. फरक एवढाच की तेथे हेतू शिस्तीचा आणि सामुदायिक जबाबदारीचा असतो, जीवदयेचा नव्हे. साम्य दिसले की ते एकच आहे असे मानण्याचा मोह आवरावा लागतो.

२०२० पासून जपानमध्ये पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला आणि तिसरी-चौथीत भाषेचे खेळ आणि संभाषण आले. सहायक शिक्षिका वर्गात एकटी नसते. जपानी शिक्षकाच्या जोडीने ती शिकवते. पहिल्या दिवसांत तिला सर्वांत अवघड वाटते ती वर्गातील शांतता. प्रश्न विचारला की तीस मुले खाली पाहतात. मुलांना उत्तर येत नाही असा याचा अर्थ नसतो. सर्वांसमोर चुकण्याची भीती आणि इतरांहून पुढे दिसण्याचा संकोच त्या शांततेत मिसळलेला असतो. एकाच गोष्टीला अनेक बाजू असतात हे अनेकान्ताचे तत्त्व प्रवचनात ऐकणे सोपे. ते अशा वर्गात उभे राहून आचरणे कठीण. जी शिक्षिका शांततेला उद्धटपणा किंवा मंदपणा समजत नाही, मुलांना आधी दोघादोघांत बोलू देते आणि मग सर्वांसमोर विचारते, तिच्या वर्गात महिन्याभरात आवाज उमटू लागतो.

मराठी मुलीजवळ येथे एक ठेव असते, तिची तिलाही कल्पना नसते. जपानी वाक्यात क्रियापद मराठीप्रमाणे शेवटी येते. ‘ला’, ‘हून’, ‘त’ यांसारखे शब्द नामाच्या मागे लागतात. वडीलधाऱ्यांशी आणि बरोबरीच्यांशी बोलण्याची रूपे वेगळी असतात, जशी मराठीत तू, तुम्ही आणि आपण. जपानी अक्षरमालेचा क्रमही आ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना असा चालतो; संस्कृत वर्णमाला अभ्यासणाऱ्या बौद्ध भिक्षूंच्या परंपरेचा तो ठसा आहे. त्यामुळे जपानी मूल इंग्रजी वाक्यात क्रियापद कुठे ठेवावे याबाबत का गोंधळते, हे तिला चटकन कळते. ‘मिल्क’चे ‘मिरुकु’ आणि ‘डेस्क’चे ‘देसुकु’ होते तेव्हा तिला हसू येत नाही, कारण ‘स्कूल’चे ‘इस्कूल’ होताना तिने घरीच ऐकलेले असते. इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे तो जन्मापासून गच्चीवर उभा असतो. जो ती शिकून आला आहे त्याला जिन्याची प्रत्येक पायरी ठाऊक असते.

डबा आणि सत्य

आता घरातील पहिल्या प्रश्नाकडे वळावे. जपानच्या प्राथमिक शाळांत दुपारचे जेवण वर्गातच होते. मुले पांढरे झगे आणि टोप्या घालून सर्वांना वाढतात, शिक्षकही तेच अन्न त्यांच्याबरोबर घेतात. भात किंवा पाव, सूप, मुख्य पदार्थ आणि दूध असा बेत असतो. महिन्याभराचा बेत आधीच छापून मिळतो. त्या कागदावरून समजते की निर्दोष वाटणाऱ्या सूपातही बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. हा अर्क जपानी स्वयंपाकात सर्वत्र आहे. भाजी, नूडल्स आणि सॉस यांत तो दिसत नाही, पण असतो. शिवाय बाजारातील कित्येक पदार्थांत स्वयंपाकाची मद्ये मिसळलेली असतात. गाजर, मुळा, कमळकाकडी, रताळे अशी कंदमुळे तर रोजची.

तो देश पूर्वीपासून असा होता असे मात्र नाही. सम्राट तेन्मु याने ६७५ मध्ये गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यास वर्षातील काही महिन्यांसाठी मनाई केली. पुढे बौद्ध प्रभावाने चतुष्पाद प्राण्यांचे मांस शतकानुशतके निषिद्धप्राय राहिले. १८७२ मध्ये सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि काळ बदलला. मठांमध्ये मात्र ‘शोजिन’ नावाचा शाकाहारी स्वयंपाक आजही टिकून आहे. त्यात मांस-मासे नसतातच, शिवाय कांदा, लसूण आणि त्या वर्गातील उग्र वनस्पतीही वर्ज्य असतात. जैन माणसाला हे ऐकून आनंद होणे स्वाभाविक आहे. परंतु त्या स्वयंपाकात कंदमुळे आणि अळंबी भरपूर असतात, हेही लक्षात ठेवावे.

तेव्हा उपाय एकच, तो म्हणजे घरचा डबा. भात, मूग, तूर, राजमा, टोफू, कोबी, काकडी, भोपळा, सफरचंद हे सर्व तेथे मिळते किंवा मागवता येते. डाळी आणि पिठे भारतीय किराणा दुकानांतून टपालाने येतात. खाखरे आणि पापड पहिल्या काही आठवड्यांचा आधार होतात. खरी अडचण डबा करण्याची नसून तो वर्गात उघडण्याची असते. सर्वांनी एकच अन्न खाण्याच्या त्या प्रथेत एक शिक्षिका निराळा डबा काढते, तेव्हा कारण सांगावेच लागते.

येथे एक सोपी पळवाट उपलब्ध असते. ‘मला अॅलर्जी आहे’ असे म्हटले की पुढचे प्रश्न थांबतात, आणि परदेशी राहणारे कितीतरी शाकाहारी लोक हा शब्द सहज वापरतात. परंतु जपानी शाळेत त्या शब्दाचे वजन फार मोठे आहे. २०१२ मध्ये तोक्यो महानगरातील चोफू शहरात शाळेच्या जेवणातून झालेल्या अॅलर्जीमुळे एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. त्यानंतर ताटे वेगळी ठेवणे, नावे तपासणे, शिक्षकांना तातडीच्या इंजेक्शनचे प्रशिक्षण देणे यांबाबत तेथील शाळा अत्यंत दक्ष झाल्या. ज्या शब्दामागे एका मुलीचा जीव गेला, तो शब्द आपली सोय म्हणून खोटा वापरणे ही लहान गोष्ट नव्हे. त्यामुळे स्वयंपाकघरातील माणसांवर विनाकारण भार पडतो आणि कधीतरी खोटे उघडे पडले, तर खऱ्या रुग्ण मुलांकडेही संशयाने पाहिले जाण्याचा धोका निर्माण होतो. अहिंसेचे व्रत पाळण्यासाठी सत्याणुव्रत मोडले, तर हिशेबाची एक बाजू भरून दुसरी रिकामी केल्यासारखे होते.

खरे सांगणे सुरुवातीला अवघड जाते, कारण जैन या शब्दाचा अर्थ तेथे फार थोड्यांना माहीत असतो. म्हणून रुजू होण्यापूर्वीच शिक्षण मंडळाला आणि मुख्याध्यापकांना साध्या जपानी भाषेत चार ओळींचे पत्र द्यावे. धर्माच्या व्रतामुळे मांस, मासे, अंडी, मद्य आणि जमिनीखाली वाढणाऱ्या भाज्या घेत नाही. रोज घरचा डबा आणीन. मुलांबरोबर वर्गातच बसून खाईन. कोणी वेगळी व्यवस्था करू नये. ‘कोणी वेगळी व्यवस्था करू नये’ हे वाक्य त्यात सर्वांत महत्त्वाचे. दुसऱ्याला त्रास होऊ नये याची तेथे फार काळजी घेतली जाते आणि स्वतःची व्यवस्था स्वतः करणाऱ्याच्या नियमाकडे लोक आदराने पाहतात.

मुले मात्र विचारतातच. मुळा का नाही? मासा का नाही? मुंगीला दुखते का? या प्रश्नांची उत्तरे सोप्या इंग्रजीत देताना जो पाठ होतो, तो पुस्तकातील कोणत्याही पाठापेक्षा मुलांच्या लक्षात राहतो. जेवणाआधी सारी मुले हात जोडून ‘इतादाकिमासु’ म्हणतात. नम्रपणे स्वीकारतो, असा त्याचा अर्थ. त्या अन्नासाठी ज्यांचे जीव आणि श्रम खर्ची पडले त्यांचे ऋण मानणे, असे त्याचे स्पष्टीकरण तेथे मुलांना दिले जाते. तेव्हा जैन शिक्षिकेने स्वतःला श्रेष्ठ समजण्याचे कारण नाही. जीव गेला याची जाणीव तेथेही आहे. तो कमीत कमी जावा यासाठी कुठवर जायचे, एवढाच फरक आहे.

सूर्य, बैठक आणि पेला

चौविहार पाळणाऱ्याला जपानचा सूर्य मोठी परीक्षा घालतो. डिसेंबरात कोबे येथे पाच वाजण्याच्या आतच सूर्यास्त होतो, उत्तरेकडील होक्काइदो बेटावर तर चारच्या सुमारास. शाळेचे काम सुटेपर्यंत दिवस संपलेला असतो. म्हणून हिवाळ्यात दोन डबे न्यावे लागतात आणि शिक्षकांच्या खोलीत साडेतीन-चारला संध्याकाळचे जेवण उरकावे लागते. जूनमध्ये उलट घडते. कोबेत पहाटे पावणेपाचला सूर्य वर येतो आणि सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी पारून शांतपणे शाळेला जाता येते. नियम तोच, पण घड्याळ निराळे. गावी संपूर्ण घर तो नियम पाळत असते, तेव्हा तो पाळला जातो आहे हे जाणवतही नाही. परदेशी तो रोज नव्याने पाळावा लागतो.

आणखी कठीण प्रसंग वर्षअखेरच्या मेजवानीचा. शाळेतील सहकारी डिसेंबरात एकत्र जमतात, त्यात मद्य असते. न जाणे हे सहकाऱ्यांना तुटकपणाचे वाटू शकते. जाऊन फळांचा रस किंवा चहा घेतला तर कोणी आग्रह करीत नाही. पण तेथील शिष्टाचारात प्रत्येकाने स्वतःचा पेला स्वतः भरायचा नसतो, शेजाऱ्याने भरायचा असतो. मग जैन शिक्षिकेने शेजाऱ्याच्या पेल्यात मद्य ओतावे काय? श्रावकाची व्रते बहुधा स्वतः न करणे आणि दुसऱ्याकडून न करवणे अशा दोन करणांनी घेतली जातात. स्वतः पिणे नक्कीच व्रतभंग. परंतु हाताने ओतून देणे हे करवण्यात येते की नाही, याचे उत्तर आपल्या गुरुमहाराजांना निघण्यापूर्वीच विचारावे. ऐन प्रसंगी, वीस माणसांच्या देखत, ते शोधणे योग्य नव्हे. चहाची किटली हाती घेऊन न पिणाऱ्यांची जबाबदारी स्वीकारणे हा एक सौम्य मार्ग आहे आणि तो तेथे कोणाला खटकत नाही.

शेजार, बाजार आणि मंदिर

घर घेतल्यावर चौदा दिवसांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. शेजाऱ्यांना लहानशी भेटवस्तू देऊन ओळख करून घेण्याची रीत आहे. जाळण्याचा कचरा, प्लॅस्टिक, बाटल्या, डबे यांचे वार ठरलेले असतात. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी सूचनेची चिठ्ठी लागून तेथेच राहते. परदेशी शेजारणीविषयीचे मत गावात अनेकदा तिच्या कचऱ्यावरून ठरते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

व्यापारी घरातील मुलीला तेथील दुकाने पाहण्यात विशेष रस वाटेल. गिऱ्हाइकाचे पैसे छोट्या तबकात घेतले जातात, सुटे पैसे समोर मोजून दिले जातात. शंभर वर्षांहून जुनी दुकाने त्या देशात हजारोंनी आहेत. दुकानाच्या दारावरील कापडी पडद्याला ‘नोरेन’ म्हणतात आणि हिशेबाच्या वहीत पेढीच्या नावलौकिकाची जी किंमत धरली जाते, तिलाही जपानी भाषेत तोच शब्द आहे. आजच्या शिगा प्रांतातील ओमी व्यापाऱ्यांची परंपरा विकणाऱ्याचे, घेणाऱ्याचे आणि समाजाचे असे तिघांचे हित साधण्याच्या तत्त्वासाठी ओळखली जाते. न्यायसंपन्न वैभवाची शिकवण ऐकून वाढलेल्या मुलीला हा विचार परका वाटणार नाही.

आणि अगदी एकटे वाटले, तर कोबे आहे. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर अनेक भारतीय व्यापारी कोबे येथे आले. पुढे मोत्यांच्या व्यापारानिमित्त जैन कुटुंबे तेथे स्थिरावली आणि कितानो भागात १९८५ मध्ये भगवान महावीर स्वामींचे पांढऱ्या संगमरवराचे मंदिर उभे राहिले. पर्युषणात तेथे जाता आले, तर वर्षभराचा शीण उतरतो. दूरच्या गावी असणारीला ते दरवर्षी साधेल असे नाही. तिने आपल्या खोलीतच सामायिक करावे आणि संवत्सरीला दूरध्वनीवरून क्षमापना करावी. डिसेंबरच्या शेवटच्या रात्री गावातील बौद्ध मंदिरात घंटेचे १०८ ठोके पडतात. मनुष्याच्या १०८ विकारांचे ते प्रतीक मानतात. पंचपरमेष्ठींच्या १०८ गुणांची माळ हातात असलेल्या मुलीला त्या रात्री परकेपणा थोडा कमी वाटेल.

निघण्यापूर्वी

आई-वडिलांनी होकार देण्यापूर्वी चार गोष्टी तिच्याकडून पाहून घ्याव्यात. तिला दोन वेळचा साधा स्वयंपाक एकटीने करता येतो काय? करारपत्र तिने स्वतः वाचून समजून घेतले आहे काय? कोणते नियम काही झाले तरी सोडायचे नाहीत आणि प्रवास, आजारपण यांत कोणती सवलत घ्यायची, हे तिने आधी ठरवले आहे काय? आणि दोन वर्षांनी परतल्यावर काय करायचे, याची निदान पुसट रूपरेषा तिच्याजवळ आहे काय? या चारांची उत्तरे मिळाली, तर केवळ ‘लोक काय म्हणतील’ या एका कारणासाठी तिला अडवू नये. लग्नाचे वय, दुकानातील मदतीची गरज, आजीची प्रकृती ही कारणे खरी असतात. ती खरी म्हणूनच मांडावीत, धर्माच्या आड लपवू नयेत.

तीच परत येईल का, या तिसऱ्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की ती अगदी तशीच परत येणार नाही. घरी असताना तिचे व्रत आईच्या स्वयंपाकघराने, आजीच्या आठवणीने आणि उपाश्रयाच्या सहवासाने सांभाळलेले असते. तेथे चारच्या अंधारात, परक्या माणसांमध्ये, कोणी पाहत नसताना ते तिला स्वतः सांभाळावे लागते. काहींकडून ते सुटते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्यांच्याकडून ते टिकते, त्यांच्यासाठी ते आता केवळ घरची रीत राहत नाही, स्वतःचा निश्चय बनते. घराने तिला देण्यासारखी शिदोरी खाखऱ्यांच्या डब्यापुरती नसावी. काही चुकले तर मोकळेपणाने घरी सांगता येईल, हा विश्वासही तिच्याबरोबर द्यावा. त्याच्या बळावर ती सत्य बोलेल आणि सत्य बोलणारी मुलगी कितीही दूर गेली तरी घरापासून तुटत नाही.